पंधराशे लिटरची टाकी: ओल्या कचऱ्यापासून गॅस (प्रकल्प नोंदी)

१२ ऑगस्ट

बाहेरची टाकी जागेवर बसली. काळी, १५०० लिटरची, वाळूचा थर दाबून त्यावर ठेवली आहे. काठापर्यंत पाणी भरून पातळीवर खडूने रेघ मारली. उद्या याच वेळेला पाणी रेघेवर असलं तरच पुढचं काम.

हेतू आजच लिहून ठेवतो. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातून रोज साली, देठ, उरलेलं शिजलेलं अन्न आणि ताटातलं खरकटं निघतं. सध्या हे सगळं मागच्या खड्ड्यात जातं. खड्ड्यात खालच्या थरांना हवा मिळत नाही, तिथे मिथेन तयार होतो आणि वर निघून जातो. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता अडवतो. तोच मिथेन या टाकीत उपड्या तरंगणाऱ्या दुसऱ्या टाकीच्या घुमटाखाली धरला तर शेगडीत जळेल. मला गॅस हवा आहेच, पण आधी हा मिथेन हवेत जायचा थांबवायचा आहे. नंतर कधी गॅसच्या आकड्यांच्या मागे लागलो तर या नोंदीकडे परत यायचं.

मागचे आठ दिवस कचरा तोलला. सर्वात कमी ७ किलो, सर्वात जास्त ११.

१४ ऑगस्ट

पाणी रेघेवरच आहे.

कचऱ्याचा नमुना वाळवून आणि जाळून घेतला. दोन दिवसांचा कचरा एकत्र वाटून त्यातला १०० ग्रॅम १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवला. उरला २१ ग्रॅम. तो ५५० अंशांच्या भट्टीत ठेवल्यावर राख राहिली २ ग्रॅम. म्हणजे १०० ग्रॅम कचऱ्यात ७९ ग्रॅम पाणी, २ ग्रॅम राख आणि फक्त १९ ग्रॅम असा भाग, ज्याचा गॅस होऊ शकतो. याला व्होलाटाइल सॉलिड्स म्हणतात. मी पुढे ‘जळाऊ घन’ लिहीन.

सगळा हिशेब या १९ ग्रॅमवर चालणार आहे. बादल्या मोजून टाकी चालवायची नाही, कारण साली-देठांची एक बादली आणि शिजलेल्या अन्नाची एक बादली यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

टाकीत द्रव राहणार १२०० लिटर. गरम न केलेल्या, साध्या टाकीला रोज दर घनमीटरमागे १ ते १.५ किलो जळाऊ घन झेपतं असं धरून चालतो. म्हणजे दिवसाला १.२ ते १.८ किलो. किलोभर कचऱ्यात ०.१९ किलो, तर आपल्याला रोज ६ ते ९ किलो कचरा चालेल. स्वयंपाकघराशी बरोबर जुळतं. अन्नाच्या कचऱ्यातल्या एक किलो जळाऊ घनापासून चांगल्या गरम टाकीत ४०० लिटर किंवा थोडा जास्त मिथेन मिळतो. आपल्याला तेवढा मिळणार नाही, तीनशेच्या आसपास मिळाला तरी समाधान.

१७ ऑगस्ट

घुमटाचं काम. १००० लिटरची टाकी उपडी घातली, तिचा व्यास बरोबर १ मीटर. बाहेरच्या टाकीचा व्यास १.१ मीटर, म्हणजे चहूबाजूंनी ५ सेंटिमीटर फट. घुमट वर-खाली होताना कलू नये म्हणून बाहेर तीन उभे पाइप रोवून त्यांत कड्या अडकवल्या.

घुमटाच्या अंगावर सेंटिमीटरच्या खुणा रंगवल्या. १ मीटर व्यासाला एक सेंटिमीटर म्हणजे ७.८५ लिटर, त्यामुळे गॅस मोजायला वेगळं मीटर लागणार नाही. पट्टी वाचायची आणि गुणायचं.

दाबाचा हिशेब. रिकाम्या घुमटाचं वजन २५ किलो, ते ०.७८५ चौरस मीटरवर पसरलं की दाब येतो पाण्याच्या ३ सेंटिमीटर स्तंभाएवढा. शेगडीला तो पुरत नाही. वर ४० किलो वजन ठेवलं, आता ८ सेंटिमीटरच्या वर गेला. वजन एका बाजूला ठेवू नये, मधोमध ठेवून बांधावं. पहिल्यांदा मी बांधलं नव्हतं आणि घुमट एका कडीत अडकून बसला.

सगळ्या जोडांवर साबणाचा फेस लावला. कॉकच्या खालच्या आट्यांत बुडबुडे आले. टेप काढून पुन्हा गुंडाळली, आता कोरडं.

२० ऑगस्ट

विरजण घातलं. याला मला दुसरा शब्द सुचत नाही. मिथेन करणारे सूक्ष्मजीव कचऱ्यात जवळजवळ नसतात, ते बाहेरून आणावे लागतात. एका चालत्या गोबरगॅस टाकीतून ३०० लिटर स्लरी, म्हणजे आतलं पातळ मिश्रण, आणलं. २५० किलो ताजं शेण पाण्यात कालवून, काड्या-दगड गाळून ओतलं. बाकी कोमट पाणी. स्लरी आणताना डबे गच्च भरून झाकणं बंद ठेवली, कारण या जीवांना प्राणवायू सोसत नाही.

सामू म्हणजे पीएच ७.२, तापमान ३० अंश. कचरा अजिबात टाकलेला नाही. आजपासून थांबायचं.

२४ ऑगस्ट

घुमट ३५ सेंटिमीटर वर. स्वयंपाकघरातल्या मावशी बघायला आल्या आणि म्हणाल्या, “मग पेटवा की!”

पेटवला नाही, सगळा सोडून दिला. पहिल्या गॅसमध्ये घुमटात अडकलेली हवा असते. हवेत मिथेन ५ ते १५ टक्क्यांच्या मध्ये असला की तो स्फोटक असतो, आणि पहिल्या भरतीला आपण नेमके कुठे आहोत हे डोळ्यांना कळत नाही. नळीत ज्योत मागे शिरू नये म्हणून शेगडीच्या अलीकडे तारेच्या बारीक जाळीचा गुंडा घातला आहे. जाळी ज्योतीची उष्णता ओढून घेते, पलीकडचा गॅस पेटायच्या तापमानाला पोचत नाही. हम्फ्री डेव्हीने १८१५ मध्ये खाणकामगारांसाठी जो सुरक्षादीप केला, त्याचं तत्त्व हेच. तिथेही शत्रू मिथेनच होता. तरी जाळी आहे म्हणून पहिली भरती पेटवायची, हे मला पटत नाही.

२९ ऑगस्ट

दुसरी भरती. इंजेक्शनच्या मोठ्या सिरिंजमध्ये ५० मिलिलिटर गॅस घेतला, त्यात कॉस्टिक सोड्याचं थोडं द्रावण ओढून हलवलं. सोडा कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो, मिथेनला हात लावत नाही. उरलेलं माप १९ मिलिलिटर, म्हणजे मिथेन फार तर ३८ टक्के. जळणार नाही. हीही सोडली. हातमोजे आणि चष्मा घालूनच करायचं, कॉस्टिकचा थेंब डोळ्यात गेला तर इजा कायमची.

५ सप्टेंबर

५० पैकी २६ मिलिलिटर उरलं. ५२ टक्के. संध्याकाळी काडी लावली. निळी ज्योत, आवाज न करता, दिवसाच्या उजेडात दिसेल न दिसेल अशी. मावशींनी हात जवळ नेऊन धग बघितली. मी पाच मिनिटं नुसता बघत उभा होतो.

६ सप्टेंबर

आजपासून भरवणं सुरू. १ किलो कचरा बारीक वाटून १ लिटर पाण्यात. दर तीन-चार दिवसांनी एक किलो वाढवायचा.

इतकं हळू का, असं सगळे विचारतात, म्हणून टाकीत काय चालतं ते एकदा लिहितो. आत एकाच प्रकारचे जीव नाहीत, चार कामांची साखळी आहे. पहिले पिष्ट, प्रथिनं, चरबी फोडून साखरा, अमिनो आम्लं, मेदाम्लं मोकळी करतात. दुसरे त्यांची आंबट आम्लं करतात: प्रोपिऑनिक, ब्युटिरिक, अॅसिटिक. तिसरे उरलेल्या आम्लांचं अॅसिटिक आम्ल आणि हायड्रोजन करतात. चौथे त्यांपासून मिथेन करतात, आणि साधारण सत्तर टक्के मिथेन अॅसिटिक आम्लातूनच येतो.

गोम वेगात आहे. आम्ल करणारे काही तासांत दुप्पट होतात. मिथेन करणाऱ्यांना दुप्पट व्हायला कित्येक दिवस लागतात. ते तर जिवाणूही नव्हेत. १९७७ मध्ये कार्ल वोज आणि जॉर्ज फॉक्स यांनी त्यांच्या रायबोसोमच्या आरएनएवरून दाखवलं की ते सजीवांच्या एका वेगळ्याच शाखेचे आहेत. त्या शाखेला आज आर्किया म्हणतात. टाकीत किती टाकायचं हे या सर्वात संथ गड्यावर ठरतं. पहिले तिघे टाकाल ते सगळं फस्त करतात, आणि चौथ्याला उरकलं नाही की आम्ल साठत जातं.

२० सप्टेंबर

रोज ४ किलो. गॅस ३९० लिटर, मिथेन ५६ टक्के.

आजपासून आठवड्याला टायट्रेशन करणार. फक्त सामू बघून भागत नाही. स्लरीत बायकार्बोनेटचा साठा असतो, तो येणारं आम्ल गिळत राहतो, आणि साठा संपत आला तरी सामू बराच वेळ जागचा हलत नाही. म्हणून तो साठा, म्हणजे अल्कलिनिटी, वेगळा मोजायचा. गाळलेली २० मिलिलिटर स्लरी घ्यायची, तिच्यात ०.१ नॉर्मल गंधकाम्ल थेंबथेंब सोडायचं. सामू ५ होईपर्यंत किती लागलं त्यावरून अल्कलिनिटी, आणि तिथून ४.४ होईपर्यंत किती लागलं त्यावरून आम्लं काढता येतात. आम्लं भागिले अल्कलिनिटी ०.३ च्या आसपास असेल तर टाकी सुखात, ०.५ च्या पुढे गेलं की हात आखडायचा.

आज १३ मिलिलिटर आणि १.२ मिलिलिटर. अल्कलिनिटी लिटरमागे ३२५० मिलिग्रॅम, आम्लं ९२०, गुणोत्तर ०.२८.

३ ऑक्टोबर

६ किलो. गॅस ५९० लिटर. घुमट रोज हाताने दोन्हीकडे थोडा फिरवतो, नाहीतर देठांचे धागे आणि तेल मिळून वर साय धरते आणि गॅस खाली अडतो. अंड्यांची टरफलं आणि हाडं वेगळी काढायला सांगितलं, ती पचत नाहीत, तळाशी बसून जागा खातात. लिंबूवर्गीय सालीही बाहेर. त्यांतलं लिमोनीन जंतूंना मारक असतं.

११ ऑक्टोबर

वसतिगृहात मोठा कार्यक्रम झाला. रात्री ३० किलो शिजलेलं अन्न उरलं. मावशींनी विचारलं, “हे खड्ड्यात टाकू का?” मी नको म्हणालो. सगळं वाटून टाकीत घातलं.

१२ ऑक्टोबर

सकाळी घुमट वरच्या टोकाला. कडेच्या फटीतून बुडबुडे निघतायत. रात्रभरात ७०० लिटरच्या वर. रोजच्या दुपटीहून जास्त वेगाने गॅस येतोय. टाकीची ताकद आपण कमी लेखत होतो असं वाटतंय.

१३ ऑक्टोबर

शेगडी पेटत नाही. ज्योत बर्नरपासून उचलली जाते आणि विझते. सिरिंजमध्ये ५० पैकी १७ मिलिलिटर उरलं. ३४ टक्के. सामू ६.७.

कालची नोंद पुन्हा वाचली. ती चूक आहे, पण खोडत नाही.

१५ ऑक्टोबर

सामू ६.४. फटीतून आंबूस, उलटीसारखा वास. गॅस थंडावला, घुमट कालपासून फक्त १४ सेंटिमीटर चढला. टायट्रेशन: ७ आणि ३.२ मिलिलिटर. अल्कलिनिटी १७५०, आम्लं २५८०. गुणोत्तर १.४७.

आता कळतंय काय झालं. ३० किलो म्हणजे ५.७ किलो जळाऊ घन, आदल्या दिवसाच्या पाचपट, आणि तेही शिजलेलं, म्हणजे फोडायला सर्वात सोपं. आम्ल करणाऱ्यांनी ते एका रात्रीत उरकलं. आम्लाने बायकार्बोनेट खाल्लं आणि त्या बायकार्बोनेटचा कार्बन डायऑक्साइड होऊन वर आला. १२ तारखेला घुमट ज्याने उचलला तो बराचसा हा कार्बन डायऑक्साइड होता. टाकीने दोन महिने साठवलेली पुंजी त्या सकाळी फटीतून बुडबुडत बाहेर जात होती, आणि मी ती उत्पन्नात धरली. गॅस किती आला यापेक्षा कसा आला हे त्याच सकाळी बघायला हवं होतं. सिरिंज हाताशी होती.

मावशींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, “तिला अजीर्ण झालंय. लंघन करू द्या.” इतकं नेमकं निदान मला जमलं नव्हतं.

१६ ऑक्टोबर

भरवणं पूर्ण बंद.

चुना टाकावा का यावर बराच विचार केला. नको. चुना सामू झटकन वर नेतो, पण तो विरघळलेला कार्बन डायऑक्साइड ओढून घेऊन कॅल्शियम कार्बोनेट होऊन तळाशी बसतो. बंद घुमटाच्या टाकीत तर गॅसमधला कार्बन डायऑक्साइड इतका शोषला जाऊ शकतो की आत पोकळी तयार होऊन हवा ओढली जाते. खाण्याचा सोडा त्यापेक्षा सौम्य. अल्कलिनिटी लिटरमागे १००० मिलिग्रॅमने वाढवायची तर १२०० लिटरला २ किलो सोडा लागतो. यातून लिटरमागे अर्ध्या ग्रॅमहून कमी सोडियम जाईल, त्याने जीवांना अपाय नाही. रोज अर्धा किलो, चार दिवस, पाण्यात विरघळवून.

शिवाय १५० लिटर स्लरी काढून तेवढीच त्या जुन्या गोबरगॅस टाकीतून आणून ओतली. सोडा आम्लं फक्त शांत करतो, ती संपवायला जीवच हवेत. शेणाच्या स्लरीतून निकेल, कोबाल्ट, सेलेनियम, मॉलिब्डेनम असे अंशमात्र लागणारे घटकही येतात. मिथेन तयार होताना जे शेवटचं विकर काम करतं त्याच्या गाभ्याशी निकेलचा अणू असतो. निव्वळ अन्नाच्या कचऱ्यावर टाकी दीर्घकाळ चालवली की यांतल्या काहींची उणीव पडते. इथून पुढे आठवड्याला १० किलो शेण जाणार.

२३ ऑक्टोबर

११ आणि २.४ मिलिलिटर. गुणोत्तर ०.७०. सामू ६.९. गॅस थोडाच, पण मिथेन ४९ टक्के.

सर्वात हट्टी आम्ल प्रोपिऑनिक. ते फोडणाऱ्यांना त्यातून ऊर्जा मिळते ती भोवतीचा हायड्रोजन अत्यंत कमी असेल तेव्हाच, वातावरणाच्या दाबाच्या सुमारे दहाहजाराव्या भागाहूनही कमी. तो हायड्रोजन मिथेन करणारे खातात. ते थकले की हायड्रोजन साठतो, आणि मग प्रोपिऑनिक फोडणारे असूनही हात बांधून बसतात. एकाचं उष्टं दुसऱ्याचं जेवण. म्हणून इथे घाई करून काही उपयोग नाही.

२६ ऑक्टोबर

करण्यासारखं काही नाही, फक्त मोजणं. फटीतले बुडबुडे बघत बसलो होतो. नोव्हेंबर १७७६ मध्ये अलेस्सांद्रो व्होल्टाने उत्तर इटलीतल्या माजोरे सरोवराच्या काठचा चिखल काठीने ढवळला, वर येणारे बुडबुडे पाण्यावर उपड्या धरलेल्या बाटलीत पकडले आणि ते जळतात हे पाहिलं. मिथेनशी माणसाची शास्त्रीय ओळख तिथली. पाण्यात उपडं भांडं धरून बुडबुडा पकडायचा, आपला घुमटही दुसरं काही करत नाही. पण त्याच्या बाटलीबाहेर निसटलेल्या बुडबुड्यांची आठवण आज या फटीकडे बघून झाली. ५ सेंटिमीटरची फट म्हणजे द्रवाच्या पृष्ठभागाचा सहावा हिस्सा उघडा. तिथून निघतं ते सगळं हवेत. पहिल्या दिवशी लिहिलेल्या हेतूला हे भोक आहे. टाकी बरी झाली की पहिल्यांदा हे.

३० ऑक्टोबर

१३ आणि १.४. गुणोत्तर ०.३३. मिथेन ५७ टक्के. ज्योत निळी.

५ नोव्हेंबर

१ किलोपासून पुन्हा. नियम भिंतीवर लिहिला: एका दिवसात आदल्या दिवसापेक्षा १ किलोहून जास्त वाढ नाही, कार्यक्रम असो वा नसो. उरलेलं जास्तीचं अन्न घट्ट झाकणाच्या पिंपात ठेवायचं, रोज थोडं थोडं द्यायचं. पिंपात ते आंबतं, पण आंबलेलं हळूहळू दिलेलं टाकीला चालतं.

१९ नोव्हेंबर

दोन दिवस ज्योत फडफडत होती, धाप लागल्यासारखी. गॅस चांगला, मिथेन ५८. शेवटी नळी हाताने चाचपत गेलो, मध्ये एके ठिकाणी तिला झोळ पडला होता आणि तिथे पाणी. गॅस टाकीतून ओलाच निघतो, रात्री नळी गार पडली की पाणी सुटतं. झोळ काढला, नळी दोन्हीकडून एका सखल जागेकडे उतरती केली, तिथे इंग्रजी यू अक्षरासारखा पाण्याचा सापळा बसवला. सापळ्यातल्या पाण्याची उंची ३० सेंटिमीटर ठेवली. आपला दाब आठ-साडेआठ, तेव्हा गॅस पाणी ढकलून बाहेर येणार नाही.

बर्नरची पितळी भोकं काळी पडली आहेत. हायड्रोजन सल्फाइड. लेथच्या लोखंडी कीसाला ओलावून गंज चढवला, पाइपात भरला, गॅस त्यातून नेला. गंजातलं लोह गंधक पकडून ठेवतं. दुसऱ्या दिवशी शेगडीचा वास गेला.

२७ नोव्हेंबर

गाळणीतला कीस काळा पडला म्हणून बाहेर काढून फरशीवर पसरला. दहा मिनिटांत हाताला चटका बसेल इतका तापला. हवेतल्या प्राणवायूने लोह सल्फाइडचा पुन्हा गंज होतो, गंधक सुटं होतं आणि उष्णता निघते. ढीग मोठा आणि कोरडा असता तर पेटला असता. लगेच पाणी शिंपडलं. पुढच्या वेळी पातळ पसरायचा, ओला ठेवायचा, कागद-काड्या जवळ नकोत. थंड झाल्यावर पुन्हा तांबूस झाला, परत वापरता येतो.

२ डिसेंबर

८ किलो. आता इथेच थांबायचं.

गेल्या चार दिवसांची सरासरी: घुमट दिवसाला १०८ सेंटिमीटर, म्हणजे ८५० लिटर. घुमटाची चाल ९५ सेंटिमीटरच असल्याने गॅस सकाळ-संध्याकाळ दोनदा वापरतो. मिथेन ५७ टक्के. टाकीचं तापमान २८. रोजचं जळाऊ घन १.५२ किलो, तेव्हा किलोमागे ३२० लिटर मिथेन. जे धरलं होतं ते मिळालं.

तापमान आणि गॅसमधली वाफ हिशेबात धरून ऊर्जा येते सुमारे १५ मेगाज्यूल, म्हणजे विजेच्या भाषेत सव्वाचार युनिट. १० लिटर पाणी २६ अंशांपासून उकळेपर्यंत तापवलं, घुमट ४२ सेंटिमीटर उतरला. त्यातून शेगडीची कार्यक्षमता ५३ टक्के निघते. भांड्याचं झाकण ठेवून केलं, झाकणाशिवाय यापेक्षा कमी भरेल.

९ डिसेंबर

थंडी. टाकी २४ अंशांवर, गॅस ८८ सेंटिमीटरवर आला. गुणोत्तर ०.३६, म्हणजे आजार नाही, नुसता मंदावलेला वेग. तरी दोन किलो कमी केले.

कचरा कालवायचं पाणी गरम करून द्यावं का? ८ किलो कचरा आणि ८ लिटर पाणी २२ वरून ४० अंशांवर न्यायला १.२ मेगाज्यूल लागतात, दिवसाच्या गॅसपैकी थोडेच. पण टाकी एक अंश तापवायला ५ मेगाज्यूल लागतात, तेव्हा या कोमट पाण्याने दिवसाला पाव अंशाचाही फरक पडणार नाही, आणि तो रात्री निघून जाईल. आधी पांघरूण हवं. थर्माकोलचे पत्रे आणि त्यावर काळं प्लास्टिक गुंडाळलं, मगच कोमट पाणी सुरू केलं. कालवायला अर्धं पाणी ताजं, अर्धं टाकीतूनच बाहेर पडणारं द्रव. त्या द्रवात अल्कलिनिटी आयती असते, पण सगळं तेच परत फिरवलं तर अमोनिया साठत जाईल.

१६ डिसेंबर

२७ अंश. पुन्हा ८ किलो. दिवसाला १०३ सेंटिमीटर.

बाहेर पडणाऱ्या स्लरीबद्दल. नत्र टाकीत नष्ट होत नाही, प्रथिनांतून सुटून अमोनियमच्या रूपात राहतं, म्हणून ही स्लरी झाडांना लगेच लागू पडते. पातळ करून, मातीत मिसळून द्यायची, नाहीतर अमोनिया उडून जातो. कच्च्या खायच्या पानांवर नाही. या तापमानात रोगजंतू कमी होतात, पूर्ण मरत नाहीत.

१८ डिसेंबर

फटीचं काम. बाहेरच्या टाकीच्या आतल्या भिंतीला, पातळीच्या २० सेंटिमीटर खाली, प्लास्टिकच्या पट्टीचं उतरतं कडं बसवायचं होतं. भिंतीलगत वर येणारे बुडबुडे कड्याला लागून मध्यभागी वळतील आणि घुमटाखाली जातील. घुमटाची चाल वरच्या बाजूलाच राहील अशा खुंट्या लावल्या, म्हणजे तो कड्यावर आदळणार नाही.

घुमट उचलायच्या आधी गॅस जाळून संपवला. मग मोकळ्या हवेत, वारा जिकडून येतो त्या बाजूला उभं राहून, चौघांनी उचलला. आगीची कोणतीही वस्तू वीस पावलांत नाही. सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की कोणीही टाकीत डोकं घालायचं नाही, हात आणि पकडच आत. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असतो, तळाशी साचतो, आणि दशलक्षात शंभर भाग झाला की नाक त्याचा वास ओळखायचंच थांबतं. वास येत नाही म्हणून धोका नाही असं समजणाऱ्याचा जीव जातो. पडलेल्याला काढायला उतरणाराही जातो. ही टाकी कधी रिकामी करावी लागली तरी आत माणूस उतरणार नाही, बाहेरून पाण्याच्या फवाऱ्यानेच धुवायची. हे दारावर वेगळं लिहून लावलं आहे.

कडं बसलं. घुमट ठेवल्यावर पहिली भरती सोडून दिली, हवा शिरली होती.

२४ डिसेंबर

कचरा तोच ८ किलो, तापमान तेच २७. चार दिवसांची सरासरी ११५ सेंटिमीटर, १६ तारखेला १०३ होती. मिथेन ५७, गुणोत्तर ०.३१. फटीत बुडबुडे अजून आहेत, तीन ठिकाणी, जिथे पट्टीचे तुकडे जुळवले तिथे. उन्हाळ्यात घुमट पुन्हा उचलू तेव्हा ते सांधे एकावर एक चढवून बसवायचे. रात्री स्वयंपाकघरातून निरोप आला, उद्या पाहुणे आहेत, अन्न उरेल. पिंप धुऊन झाकण तपासून दाराशी ठेवलं आहे.